बावन्न मेंढ्या आणि मागची थंड चाकं

शुक्रवार, २४ ऑक्टोबर

खताच्या दुकानातून मिळालेली ही डायरी दहा महिने कोरीच होती. आज गाडी पूर्ण झाली म्हणून लिहायला घेतो. उद्या कोणी विचारलं की बिडकीनच्या बाजूला मेंढरांसाठी दुमजली ट्रक कोणी बांधला, तर लेखी पुरावा असावा. मी बांधला. हनुमान, वाळूजच्या कारखान्यातला वेल्डर.

गाडी जुनी, चौदा फुटी. सांगाडा तिचा, बाकी सगळं माझ्या हातचं. खाली मोठ्या मेंढ्या, वर पाठी, म्हणजे तरण्या माद्या, आणि कोकरं, चारी बाजूंनी जाळी. मागे चढायची उतरती फळी, पाय घसरू नये म्हणून तिच्यावर आडव्या पट्ट्या. दोन मजल्यांचं वजन पेलावं म्हणून मागच्या कमानीत, म्हणजे स्प्रिंगमध्ये, दोन्हीकडे दोन-दोन पाटे वाढवले. त्यामुळे गाडी मागून चार बोटं उचलली गेली आणि रुबाबदार दिसायला लागली. कागदपत्रं आधीच करून ठेवली आहेत.

एवढा उपद्व्याप कशासाठी, तेही लिहून ठेवतो. दर वर्षी दिवाळीनंतर आमचे आप्पा, म्हणजे वडील, मेंढरं घेऊन पायी पिशोरला जातात. तिथे नानासाहेबांचं मक्याचं रान मोकळं झालेलं असतं, त्यात मेंढरं महिनाभर बसवायची. गेल्या वर्षी पहाटे रस्त्यात एक गाडी कळपात घुसली. सात मेंढ्या जागीच गेल्या आणि आप्पांची नडगी मोडली. पायात सळई आहे, वय बहात्तर. आता शंभर किलोमीटर चालणं त्यांना होत नाही. पाडव्याला मेंढरांना ओवाळून झालं आणि आप्पा म्हणाले, "चालवत नाय, तर इकून टाकू. सिल्लोडचे काकासाहेब व्यापारी पुनवेच्या दुसऱ्या दिशी येतेत. एकदाच समदी देऊ."

माय, म्हणजे आमची बानाबाई, चुलीपाशी बसली होती. तिने पदर डोळ्याला लावला. मी म्हणालो, पुनवेच्या आत मी मेंढरं गाडीने पिशोरला पोचवतो. आप्पांनी गाडीकडे पाहिलं आणि म्हणाले, "बघू."

संध्याकाळी रिकामी गाडी पळवून ब्रेक पाहिला. बायको, शीला, शेजारी बसली होती, ती पुढच्या काचेपर्यंत गेली. फर्स्ट क्लास ब्रेक.

शनिवार, २५ ऑक्टोबर

आज भरून पाहायचं ठरवलं. जिती मेंढरं पहिल्या दिवशी कशाला घालायची, म्हणून लेंडीखताच्या तीस गोण्या चढवल्या. मायने बजावलं, "खत माझ्या वावराचं हाय. गोणी फाटली तर तुलाच झाडून गोळा करावं लागंल."

वस्तीकडच्या उतारावर बाभळीपाशी थांबायचं, असं मनाशी ठरवलं होतं. बाभूळ आली, मी ब्रेक दाबला. बाभूळ गेली. मी ब्रेकवर उभाच राहिलो म्हणा ना. गाडी हळू होत गेली, पण तिच्या मनाने. शेवटी आमच्याच कडब्याच्या गंजीत नाक घालून थांबली.

आप्पा खाटेवर बसून बघत होते. म्हणाले, "ट्रक लई गुणाचा हाय. थांबायचं सोडून समदं येतंय त्याला."

सगळी वस्ती हसली. मीही हसलो, पण मनात पिशोरची वाट होती. खुलताबादच्या पुढे वेरूळकडे उतरणारा घाट आहे. तिथे कडब्याची गंजी नाही.

सोमवार, २७ ऑक्टोबर

ब्रेकच्या नळ्यांत हवा असेल, असं वाटलं. मी गाडीखाली, शीला वर पेडलवर. तिने दाबायचं, धरायचं, मी नट सैल करून हवा सोडायची, मग तिने पाय उचलायचा. मी खालून ओरडतो, "दाब! धर! सोडू नको म्हणलं ना!" दोन वेळा तिने आधीच सोडून पुन्हा दाबलं आणि ब्रेक ऑइल माझ्या तोंडावर. तासाभराने ती म्हणाली, "लग्नाला सतरा वर्सं झाली, इतका हुकूम कधी सोसला नव्हता. आता तुमी वर या, मी खाली जाती."

तिने खरंच खाली जाऊन मागची दोन चाकं केली. हवेचे बुडबुडे जेमतेम निघाले. पेडल कडक लागतं. पण गोण्या भरल्या की गाडी बाभळीच्या पुढेच.

आणखी एक त्रास. माझी चढायची फळी सकाळी जागेवर नव्हती. मेंढरांच्या वाड्यापाशी दोन धोंड्यांवर टेकवून ठेवलेली सापडली, वर ज्वारीचे दाणे सांडलेले. आप्पांना विचारलं तर म्हणाले, "दाणे वाळू घातले व्हते." एवढं अंगण मोकळं असताना यांना माझीच फळी दिसते. गाडी नको म्हणून हे सगळं चाललंय, मला कळत नाही का?

बुधवार, २९ ऑक्टोबर

सुट्टी टाकून शहरात गेलो. चारही चाकांचे नवे ब्रेक लायनर, मास्टर सिलिंडरचं किट. शहागंजाच्या बाजूचा दुकानदार आता ओळखायला लागलाय. म्हणाला, "क्या भाऊ, गाडी बना रहे के मेरी दुकान ले जा रहे?"

रात्रीपर्यंत सगळं बसवलं. मागचे ड्रम उघडले तर आतले लायनर अगदी कोरे होते, कारखान्यातून आल्यासारखे. पहिल्या मालकाने नुकतेच टाकले असावेत. तरी नवे घातले, हलगर्जी नको.

गुरुवार, ३० ऑक्टोबर

नव्या लायनरनेही गाडी बाभळीच्या पुढे गेली. फरक इतकाच की आता गंजीच्या दोन हात अलीकडे थांबते, आणि त्यातला एक हात गंजी मागे सरकवल्यामुळे आहे. ती मायने सरकवली.

आज गाडीच्या खालच्या मजल्यात शेळीच्या लेंड्या सापडल्या. ताज्या. कोणाची तरी शेळी माझ्या गाडीत चढते. आप्पांना म्हणालो, लक्ष ठेवा जरा. ते म्हणाले, "असंल कुणाची तरी." त्यांची ठकी नावाची शेळी शेजारीच उभी होती. तीच ती, जिच्यामागे सगळा कळप चालतो. तोंड हलवत माझ्याकडे बघत होती. तिला काय पडलंय म्हणा.

दुपारी काकासाहेब येऊन गेले. माणूस गोड आहे, पण मेंढीच्या पाठीवर हात असा ठेवतो की मला वाटतं तो मांस चाचपतोय. म्हणाले, "आप्पा, आजच न्हेतो की." आप्पा म्हणाले, "पुनवेच्या आधी नाय." काकासाहेब म्हणाले, निम्मी तरी. आप्पा म्हणाले, "न्ह्याची तर समदी एकदम. तुमची गाडी लहान हाय, मोठी आणा." काकासाहेब कुरकुरत गेले.

मला वाईट वाटलं. स्वतःच्या मुलाने गाडी बांधली आहे आणि आप्पा दुसऱ्याला मोठी गाडी आणायला सांगतात. खरं सांगायचं तर मला भीती वाटते. मेंढरं गेली तर आप्पा खाटेवर बसतील आणि उठणार नाहीत. लहानपणापासून मी त्यांना बसलेलं फक्त या वर्षीच पाहिलंय.

शनिवार, १ नोव्हेंबर

बिडकीनचे सांडू मिस्त्री आले. वय झालंय, पण नजर जाणती. बूस्टर तपासला, म्हणाले ठणठणीत आहे. नळ्या तपासल्या, गळती नाही. मग बिडी काढली आणि म्हणाले, "कंपनीतून आली तशी गाडी असती तर मी डोळे झाकून सांगितलं असतं. ही घरी बनवलेली. तुमी काय काय बदललं, ते सांगा."

मी म्हणालो, बॉडी सोडून काहीच नाही.

खोटं नाही बोललो. कमानीत पाटे वाढवले, पण ते बदलणं नव्हे, ती मजबुती. त्या वेळी मागच्या एक्सलजवळची एक लहानशी दांडी ताणून बसत होती, तीही नीट ओढून पुन्हा जोडून दिली होती. ब्रेकचा आणि तिचा काय संबंध? वेल्डरला एवढं कळतं. शिवाय मिस्त्रींपुढे सगळं पुराण लावलं तर ते म्हणणार, कशाला हात लावला.

मिस्त्री डोकं खाजवत गेले. चार दिवस उरले.

रविवार, २ नोव्हेंबर

आजचा दिवस आप्पांचा. मोठ्या मनाने लिहितो.

सकाळपासून गोण्या भरून सहा वेळा उतारावरून आलो. सहाव्यांदा गंजीत. मी खाली उतरून गाडीला लाथ मारली. ती माझ्याच पायाला लागली. शीला पाणी घेऊन आली.

तेवढ्यात आप्पा काठी टेकत आले. रोज सकाळी ते वाड्यात शिरून एकेका मेंढीच्या कानाला हात लावतात, कान तापला असेल तर तिला बाजूला काढतात. तसाच त्यांनी माझ्या गाडीच्या पुढच्या चाकाच्या मधोमध हात नेला आणि झटकन मागे घेतला. दुसऱ्या बाजूलाही तेच. मग लंगडत मागे गेले आणि मागच्या चाकावर तळवा ठेवून निवांत उभे राहिले.

"हनुमंता, हिकडं ये. पुढली दोन तापून लाल झालीत. मागली दोन थंड. तुझी मागली चाकं कामच करीत नाईत."

मी म्हणालो, "आप्पा, मेंढी नाय ती." आणि मागे जाऊन हात लावला. गार. पुढे जाऊन हात लावला आणि बोटं भाजली. शीलाने तेच पाणी माझ्या बोटांवर ओतलं आणि म्हणाली, "मामांनी सांगितलं व्हतं की तापलंय म्हणून."

म्हणजे सगळी गाडी पुढची दोन चाकं थांबवत होती. तरीच मागचे लायनर कोरे निघाले. ते मी हातात धरून पाहिले होते आणि पहिल्या मालकाचे आभार मानले होते.

सोमवार, ३ नोव्हेंबर

सांडू मिस्त्रींना सकाळीच उचलून आणलं. मागची चाकं थंड म्हणाल्यावर ते थेट मागच्या एक्सलखाली सरपटले. खालून आवाज आला, "कमानीत पाटे कुणी वाढवले?"

मी म्हणालो, मजबुतीसाठी.

"अन् ही दांडी?"

मी पाना पुसायला घेतला. शीला म्हणाली, "यांनीच. लई नीट ओढून बसवली म्हणून मला दाखवली व्हती."

मिस्त्री बाहेर आले. रागावले नाहीत, उलट हसत सुटले. मग काठीने मातीत आकृती काढून समजावलं. ती दांडी एका वॉल्वला जोडलेली असते. गाडीत माल भरला की गाडी खाली बसते, दांडी वर जाते, आणि वॉल्व मागच्या चाकांच्या ब्रेकला पुरा दाब सोडतो. गाडी रिकामी असली की ती वर उचललेली, दांडी खाली, म्हणून मागे दाब कमी. रिकाम्या गाडीची मागची चाकं घसरू नयेत, अशी ती सोय.

"तुमी पाटे वाढवून गाडी उचलली. आता दीड टन भरा का दोन टन भरा, ती खाली बसतच नाय. वॉल्वला वाटतंय गाडी रिकामीच हाय."

शीला म्हणाली, "म्हंजे लग्नात जेवून आल्यावरबी उपाशी हाय म्हणणाऱ्या माणसावानी." आणि माझ्याकडे बघितलं. मिस्त्रींनी मान डोलावली. आप्पाही हसले. गेल्या वर्षानंतर त्यांना असं दात दाखवून हसताना मी पाहिलं नव्हतं, त्यामुळे मला रागावता आलं नाही.

मी लगेच वेल्डिंगचं मशीन काढलं. मिस्त्रींनी हात धरला. "दांडीला जाळ लावायचा नाय. ब्रेकचं काम हाय, नट-बोल्टनंच व्हईल." दांडी जिला जोडली होती ती एक्सलवरची पट्टी मोजूनमापून वर घेतली, दांडी पुन्हा योग्य कोनात आली, परत एकदा हवा काढली. या वेळी शीला न सांगता खाली गेली.

गोण्या भरल्या. उतार. बाभळीच्या अलीकडे ब्रेक दाबला.

गाडी थांबली. सरळ रेषेत, बाभळीपासून दोन हात अंतर ठेवून. वरच्या मजल्यावरच्या तीन गोण्या फुटल्या आणि लेंड्यांचा पाऊस केबिनच्या टपावर पडला. मी आनंदाने ओरडत होतो आणि माय झाडू घेऊन माझ्या दिशेने येत होती. पाच वेळा भरून पाहिलं, पाचही वेळा बाभळीच्या अलीकडे. आप्पांनी प्रत्येक वेळी चारही चाकांना हात लावला. शेवटी म्हणाले, "आता समद्यांना सारखाच ताप हाय."

मंगळवार, ४ नोव्हेंबर

आप्पांनी स्वतः जायचा विषय काढला नाही. मेंढरं गाडीने न्यायची का, असं विचारायची मला हिंमत झाली नाही. फळी पुन्हा वाड्यापाशी होती. मी उचलून गाडीला लावली. इतकं होऊनही त्यांना त्या फळीवर दाणे वाळवायचेच आहेत. म्हाताऱ्या माणसाच्या हट्टापुढे काय बोलायचं?

बुधवार, ५ नोव्हेंबर. पौर्णिमा. पिशोर, नानासाहेबांचं रान

पाठ मोडली आहे, पण आजचं आजच लिहायला हवं.

पहाटे उठलो तर आप्पा घोंगडी खांद्यावर टाकून गाडीपाशी उभे. "चल, भर," एवढंच म्हणाले.

बावन्न मेंढ्या चढवायला दोन तास लागतील, असा माझा अंदाज होता. कधी गाडीत न चढलेलं जनावर, बिथरणारच. मी चार माणसं बोलावून ठेवली होती. आप्पांनी फळीवर मूठभर ज्वारी टाकली आणि जिभेने टकटक केलं. ठकी शेळी अशी चढली जणू तिचं घरच आहे. तिच्यामागे एकेक करत सगळा कळप. दहा मिनिटं. चार माणसं नुसती चहा पिऊन गेली. फळीचा उतार मी फार विचार करून ठरवला होता, त्याचा हा गुण. सांडू मिस्त्रींनाही सांगणार आहे.

माय आणि शीला माझ्याशेजारी केबिनमध्ये. आप्पांना म्हणालो, पुढे या, पायाला आराम. ते म्हणाले, "मी मेंढरांत बसतो." मी किती समजावलं. माय म्हणाली, "ऱ्हाऊ दे. त्यांची जागा तीच हाय." मला तेव्हा वाटलं, त्यांचा अजूनही माझ्यावर विश्वास नाही. आता वाटतं, विश्वास नसता तर बहात्तर वर्षांचा माणूस माझ्या गाडीत मागे बसलाच नसता. नक्की काय, ते मला सांगता येत नाही.

खुलताबाद सोडलं आणि उतार लागला. मी खालच्या गिअरमध्ये, दोन्ही हात स्टिअरिंगवर. शीलाने देवाचं नाव घ्यायला सुरुवात केली. ती सहसा घेत नाही. वळण घेतलं आणि समोर एक जीप रस्त्यातच उभी. आत पर्यटक, बाहेर वानरं, सगळे एकमेकांना केळी देत होते.

मी ब्रेक दाबला. बावन्न मेंढ्या, एक शेळी आणि आप्पा मागे. त्या क्षणी मला डोळ्यापुढे गेल्या वर्षीचा रस्ता दिसला, त्या सात मेंढ्या आणि मध्ये बसलेले आप्पा. गाडी दबली, चारही चाकांनी धरलं, आणि ती थांबली. सरळ. जीपच्या मागे एक ट्रॅक्टर मावेल इतकी जागा ठेवून. एका वानराने आमच्याकडे पाहिलं आणि केळं सोलायला लागलं.

मागून काहीच आवाज नाही. मी जाळीच्या खिडकीतून ओरडलो, "आप्पा!"

"ओरडू नगंस. कोकरू झोपलंय."

मी स्टिअरिंगवर डोकं टेकवलं. शीला माझ्या पाठीवर हात फिरवत होती आणि माय जीपवाल्यांना शिव्या देत होती. बाकीचा घाट कधी संपला ते कळलंच नाही.

दुपारी पिशोरला पोचलो. नानासाहेब स्वतः धुऱ्यावर, रानाच्या बांधाशी, उभे होते. आप्पा फळीवरून उतरले, अंगभर लोकर आणि लेंड्या, आणि पहिल्यांदा चारही चाकांना हात लावून आले. मग मेंढरं मक्याच्या रानात पांगली, आणि आप्पा त्यांच्यामागे चालायला लागले. काठी टेकत, लंगडत, पण चालायला लागले. माय त्यांना हाका मारत होती, जेवून घ्या म्हणून. ते ऐकायला तयार नव्हते. मी बघत राहिलो आणि मला रडू आलं. शीलाला म्हणालो, धूळ गेली. ती म्हणाली, "व्हय, लई धूळ हाय." तिचेही डोळे ओले होते.

संध्याकाळी काकासाहेबांचा फोन आला, उद्या मोठी गाडी घेऊन येतो म्हणून. मी फोन आप्पांकडे दिला आणि शेजारीच उभा राहिलो.

"नाय काकासाहेब," आप्पा म्हणाले, "इकायची नाईत. मेंढरं पिशोरला आलीत. तुमी असं करा. तुमच्या नजरंत दहा चांगल्या पाठी असल्या तर सांगा. पोराच्या गाडीत वरल्या मजल्यावर जागा हाय."